दाजी, तुमचे ज्यूसर

दाजी, पेपरात द्यायला तुमचा फोटो शोधायचं काम माझ्याकडं आलं. मोबाइलमध्ये तुमचे फोटो भरपूर निघाले, पण गेल्या दोन वर्षांतल्या एकाही फोटोत तुम्ही एकटे नाही. शेजारी ज्यूसर आहे. कुठं त्याच्या झाकणावर हात ठेवून उभे आहात, कुठं चोथ्याचं भांडं कॅमेऱ्याला दाखवताय. एका फोटोत तर तुम्ही अर्धेच आलाय, यंत्र मात्र सबंध आहे. शेवटी सांगली स्टँडवरून निवृत्त झालात त्या दिवशीचा, गळ्यात हार असलेला फोटो दिला. त्यात तुम्ही इतके गंभीर दिसता की माधवनगरच्या तुमच्या गल्लीत दोघांनी तरी 'हे कोण वारलं' म्हणून विचारलं असेल.

तुम्ही जन्मभर एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. लोणंदला लागलात, सांगलीला सुटलात. माइक हातातून गेला तरी आवाज गेला नाही. घरातसुद्धा तुम्ही बोलायचा ते सगळ्या फलाटांना ऐकू जावं असं. 'आंघोळीचं पाणी तापलेलं आहे, इच्छुकांनी त्वरित लाभ घ्यावा.' माझी अक्का, म्हणजे तुमची बायको, आतून म्हणायची, 'आवं, घरात दोन माणसं हाईत. कुनाला सांगताय?' पण स्वयंपाकघर हा एक फलाट असा होता की जिथं तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही. चहाचं पातेलं कुठं असतं असं कुणी विचारलं असतं, तर तुम्ही अक्कालाच हाक मारली असती.

आणि मी तुमची मेहुणी, साताऱ्यात मिक्सर, ज्यूसर, गिझर विकणारी. म्हणून तुम्ही मला शेठाणी म्हणायचा. थट्टेत शेठाणी, रागात शेठाणी. फक्त खरं काही बोलायचं असलं की सुनंदा.

अक्काच्या घशात गाठ निघाली आणि मिरजेला रेडिएशन सुरू झालं, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा खाली आला. तिचा तर बंदच झाला. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पेज, दूध नाकातल्या नळीनं जायचं. डॉक्टर म्हणाले, तोंडानंही थोडं थोडं घेत राहा, नाहीतर गिळायची सवय जाईल, मग नळी सुटायची नाही. पण ती तोंडच उघडायची नाही. मोसंबी झोंबायची, ताक झोंबायचं, साधं पाणीसुद्धा नको व्हायचं.

एका दुपारी मी तुमच्याकडंच होते. अक्कानं पलंगावरून हात वर केला आणि खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीत आटपाडीहून तुमच्या बहिणीनं धाडलेली डाळिंबं ठेवली होती. तुम्ही ताडकन उठलात.

'डाळिंब! सुनंदा, डाळिंब मागितलं तिनं!'

अक्कानं पुन्हा हात हलवला. तुम्ही म्हणालात, 'व्हय व्हय, आणतो,' आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलात.

मी साताऱ्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. मिक्सरमधून दाणे काढले, तर लालभडक दाट काहीतरी झालं, अक्कानं एक चमचा घेतला आणि तोंड फिरवलं.

'तुरट लागतंय गं. डाळिंबं खराब हाईत का?'

'डाळिंबं चांगली आहेत, दाजी. मिक्सरमध्ये पातं असतं, ते घालाल ते सगळं वाटतं. दाण्यातली बीसुद्धा. तुरटपणा बीचा आहे.'

'मग ज्यूसर म्हणजे मिक्सर न्हवं?'

'नव्हे. ज्यूसर रस एकीकडं काढतो आणि चोथा एकीकडं.'

'मग आमी आज काय केलं?'

'डाळिंबाची चटणी.'

 मग तुम्ही म्हणालात, 'उद्याच्या पयल्या गाडीनं येतो.'

आणि आलात. दुकानात शिरताच माझी पंचाईत झाली, कारण गिऱ्हाइकाला ज्यूसर चालवून दाखवायला मी गाजरं ठेवते आणि आपल्या जैन घरात गाजर, बीट, आलं, जमिनीखालचं काहीच येत नाही. तुम्ही माझ्या हातातल्या गाजराकडं असं बघितलंत की मी ते गल्ल्याखाली लपवलं. मग काकडी आणवली. वेगानं फिरणारा नेहमीचा ज्यूसर लावून दाखवला. आत खिसणीसारखी चकती, तिच्याभोवती जाळीची टोपली. चकती फळ खिसते, टोपली गरगरते, कपडे धुवायच्या मशीनमधल्या ड्रायरसारखा रस जाळीतून बाहेर फेकला जातो. काकडीचा पेला भरला. तुम्ही खूश झालात, खोका काखेत मारलात आणि जाताजाता दुकानातल्या गिऱ्हाइकांना 'घाई करा, गाडी सुटायला आलीय' असंही सांगून गेलात. दोघांनी खरंच घाई केली.

पण डाळिंब म्हणजे काकडी नव्हे. आठवडाभरात तुम्ही आणि खोका परत.

'शेठाणी, ही विनाथांबा गाडी हाय. नुसती धावती. निम्मे प्रवासी फलाटावरच राह्यले.' तुम्ही डब्यातून चोथा आणला होता, तो माझ्या हातात पिळून दाखवलात. त्यातून रस गळत होता. 'आन वर निम्मा पेला फेस. फेस बसायची वाट बघतोय तोवर पेशंट झोपतंय. आवाज तर असा की तिनं कानावर उशी घेतली.'

सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. मी विकताना त्यातली एकही सांगत नाही एवढंच.

मग तुम्ही माझं न ऐकता मोसंबी पिळायचं यंत्र नेलंत, ते घुमटाचं. अर्धं फळ घुमटावर दाबायचं, घुमट फिरतो, रस खाली. मी सांगितलं की हे मोसंबी-संत्र्याचं आहे. तुम्ही म्हणालात, 'दोन्ही गोलच हाईत की.' त्या दिवशी अर्धं डाळिंब तुम्ही घुमटावर दाबलंत आणि ते सुटून फिरायला लागलं. भिंत, फळी, छत आणि तुमचा पांढरा शुभ्र शर्ट. शेजारच्या पाटीलकाकू आवाज ऐकून आल्या आणि दारातच मटकन बसल्या. तुम्ही त्यांना सांगत होता, 'काय न्हाई वहिनी, डाळिंब हाय,' आणि त्या सांगत होत्या, 'भावजी, आदी बसा, बोलू नका, रिक्षा बोलावते.' अक्काला पलंगावरून हे सगळं दिसत होतं. तिला हसता येत नव्हतं, हसलं की घसा दुखायचा. पण खांदे हलत होते, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. दोनदा सांगितलंत. छत अजून पुसलेलं नाही, दाजी. काल मी बराच वेळ वर बघत बसले होते.

त्यानंतर तुम्ही एकदा आलात ते खोका न घेता. भांडला नाहीत. घोषणा केली नाहीत. दुकानातल्या स्टुलावर बसलात, पाणी दिलं ते हातात धरून ठेवलंत. गिऱ्हाईक गेलं तसं म्हणालात, 'सुनंदा, ती जगंल न्हवं?'

 माझी सख्खी बहीण ती. मी उठले, वरच्या फळीवरचा महागाचा खोका काढला आणि तुम्हाला सांगायला लागले. हा सावकाश फिरणारा, स्लो ज्यूसर. यात पातं नाही, चकती नाही. मळसूत्रासारखा एक जाड स्क्रू असतो, तो हळूहळू फिरत फळ जाळीवर रेटत नेतो. वाटत नाही, खिसत नाही, पिळतो. बी फारशी फुटत नाही, म्हणून तुरटपणा कमी. फेस कमी. चोथा कोरडा. आवाज अगदी कमी. मी बोलत राहिले, तुम्ही ऐकत राहिलात. जाळीची भोकं किती बारीक आहेत हे तुम्हाला उजेडाकडं धरून दाखवलं, तुम्ही एक डोळा मिटून त्यातून बघितलंत. आपण दोघं त्या जाळीबद्दल जितकं बोललो तितकं दुनियेत कुणी बोललं नसेल. उठताना तुम्ही म्हणालात, 'म्हंजे ही साधी गाडी. समदे थांबे घेती, पर समद्यास्नी घेऊन येती.' मी म्हटलं, 'होय दाजी.' तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच दिलं गेलं. तुम्हाला ते पुरलं का, हे मी कधी विचारलं नाही.

तरी सुखासुखी झालं असतं तर ते तुमचं घर कसलं. खोक्यावर 'कोल्ड प्रेस' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अक्कासाठी आलेली नर्स फ्रिज उघडून औषध शोधत होती, तर आत स्क्रू, जाळी, भांडी आणि मधल्या फळ्या काढून उभी केलेली अख्खी मोटर. तिनं मला फोन लावला. तुम्ही मागून ओरडत होता, 'तिला सांग, कोल्ड लिव्हलंय त्येच्यावर. तापलेल्या यंत्रात कसा काढायचा?'

'दाजी, कोल्ड म्हणजे गार करून नव्हे. सावकाश फिरतो म्हणून तापत नाही, रसाला ऊब लागत नाही, एवढाच अर्थ.'

'मग तसं लिव्हावं की. न तापणारा.'

आजही मला वाटतं की तुमचं बरोबर होतं.

मग मात्र जमलं. तुमचे जुने ड्रायव्हर आटपाडीच्या गाडीतून भगव्या जातीच्या डाळिंबांच्या पेट्या आणायचे, तुम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. सकाळी दाणे सोलायचा. एवढा मोठा माणूस, मांडीवर परात घेऊन. पांढरी साय एवढीशीही राहू द्यायची नाही, तीही तुरट. दाणे अडकले की रिव्हर्सचं बटण दाबायचं, आणि बटण दाबलं की तुम्ही यंत्राच्या मागं जाऊन उभे राहायचा आणि हात हलवायचा, 'येऊ द्या, येऊ द्या, बास.' ही सवय शेवटपर्यंत गेली नाही. संध्याकाळी दिवस कलायच्या आत शेवटचा पेला, 'सूर्यास्तापूर्वीची शेवटची गाडी' म्हणून. पहिल्या दिवशी अक्कानं चार चमचे घेतले. मग अर्धी वाटी. डॉक्टरांनी नळी काढली त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातल्या सगळ्या बाकांवर ती बातमी त्याच आवाजात दिलीत आणि वॉचमननं तुम्हाला बाहेर नेलं.

अक्काचा आवाज हळूहळू परत आला. मी भेटायला आले होते. तुम्ही पेला घेऊन समोर उभे, नेहमीसारखे, ती पिईपर्यंत न हलणारे. तिनं पेला खाली ठेवला आणि घोगऱ्या आवाजात पहिलं सबंध वाक्य बोलली.

'त्या दिवशी मी खिडकी लावा म्हणत हुते.'

तुम्हाला काही कळेना. 'कुठल्या दिवशी?'

'डाळिंब मागितलं म्हणालासा न्हवं. वारं येत हुतं. खिडकी लावा म्हणून बोट दावलं.'

मी हसत भिंतीला टेकले. तुम्ही लालेलाल.

'मग इतकं दिस पिलीस कशाला?'

'तुमी म्होरं उभं ऱ्हायचासा न्हवं.'

हे तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. बोट डाळिंबाकडंच होतं, मी साक्षीदार आहे, असं तुम्ही पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. माझी साक्ष दोन्ही बाजू काढायच्या. मी खिडकी आणि डाळिंब एकाच रेषेत होती असं सांगून सुटायची. ते खरंही आहे.

अक्का भात-आमटी जेवायला लागली, तरी तुमचा कारखाना थांबला नाही. गल्लीत कुणाला ताप आला, कुणी बाळंतीण आली, की तुम्ही पेला घेऊन हजर. लोक दार उघडायच्या आधी बाहेरूनच घोषणा ऐकायचे. चोथ्याचं काय करायचं म्हणून तुम्ही अक्काला थालीपिठं लावायला लावलीत, ती तुमच्याशिवाय कुणी खाल्ली नाहीत. आणि मग ऊस. सांगलीत राहून उसाचा रस घरी काढता येत नाही याचं तुम्हाला शल्य होतं. मी बजावलं होतं की ऊस घालू नका. तुम्ही सोलून, बोटभर कांड्या करून घातलात. कटकन आवाज आला आणि स्क्रू तडकला.

दुरुस्तीला आलेला मुलगा भला होता. म्हणाला, काका, ऊस म्हटलं तर वॉरंटीत बसत नाही. गाजर अडकलं म्हणून सांगतो, कंपनी बदलून देईल. तुम्ही ताठ झालात.

'आमच्या घरात गाजर येत न्हाई.'

'काका, नुसतं सांगायचं आहे.'

'खोटं सांगायचं तर सांगू. पर गाजर सांगणार न्हाई. काकडी सांग.'

काकडीनं स्क्रू तुटतो यावर कुणाचा विश्वास बसला नाही. नवा स्क्रू तुम्ही विकतच घेतलात, ताठ मानेनं.

आपलं एक भांडण तसंच राहिलं, दाजी. एवढा सावकाश, एवढ्या बारीक जाळीचा ज्यूसर घेऊन तुम्ही वर पुन्हा पंचातून रस गाळायचा, ते मला बघवत नव्हतं. मी म्हणायची, आता अक्काचा घसा बरा आहे, थोडा गर पोटात जाऊ द्या, तो चांगला असतो. तुम्ही म्हणायचा, आपण पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं, रस कसा न गाळता देऊ? शेवटच्या फोनवर तुम्ही दोन स्क्रूचा ज्यूसर कसा असतो ते विचारत होता. दोन स्क्रू एकमेकांत अडकून फिरतात, पालेभाजीचा रस छान निघतो, पण घरात आता गरज नाही, असं मी सांगत होते. तुम्ही म्हणालात, 'गरज कुणी सांगितली? बगायचा हाय.' गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

तुम्ही गेलात ते स्टँडवर. डाळिंबाची पेटी घ्यायला गेला होता. गाडीला वेळ होता म्हणून कंट्रोल रूमबाहेरच्या बाकावर जुन्या मंडळींत बसलात. नव्या पोरानं माइकवरून तासगावची गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली, ती तुम्ही बसल्या जागेवरून दुरुस्त केलीत, सगळे हसले, आणि तुम्ही मान मागं टेकलीत. त्यांना वाटलं डुलकी लागली. डाळिंबाची पेटी मागाहून ड्रायव्हरनं स्वतः घरी आणून दिली. दारात गर्दी बघून त्याला कळेना ती कुठं ठेवावी. मी घेतली.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही गेल्यावर अक्काला घोट उतरेना. पाणी घ्यायची, तोंडात धरून बसायची. मला ते दिवस आठवले. मिरजेला नेऊन आणलं. डॉक्टरांनी आत बघितलं, म्हणाले, घसा स्वच्छ आहे, काही नाही. काही नाही यावर औषधही नाही. मी दुकान कामावरच्या पोरावर टाकलं आणि राहिले. तुमच्यासारखे दाणे सोलले, रस काढला, एकदा गाळून, एकदा न गाळता. समोर उभी राहिले. तिनं पेल्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. हजार गिऱ्हाइकांना पटवलं असेल मी, पण तिला एक घोट विकता आला नाही.

काल सकाळी मी पुन्हा यंत्र लावलं. चित्त थाऱ्यावर नव्हतं, ओंजळभर दाणे एकदमच ढकलले. मोटर कण्हायला लागली. बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

'किती भरतीस गं? त्येला दम खाऊ दे.'

मी थांबले. अक्का उठून आत आली. तुम्ही चालवलेल्या त्या यंत्राचा आवाज दोन वर्षं ऐकलेली बाई ती, तिला आवाजावरून सगळं कळतं. पण तिनं त्याला हात कधी लावला नव्हता, तुम्ही लावू दिला नव्हता. तिनं मला बाजूला सारलं, स्टूल ओढलं, परात पुढ्यात घेतली. चिमटी चिमटीनं दाणे टाकत राहिली. मधेच थांबून ऐकायची, मग पुढचे टाकायची.  रस थेंब थेंब उतरत होता. चोथा बाहेर आला तो तिनं बोटांनी दाबून बघितला, म्हणाली, 'वला हाय अजून,' आणि पुन्हा आत घातला.

पेला भरल्यावर तुरट झालाय का बघायला तिनं एक घोट घेतला. तो उतरला. ती जरा वेळ तशीच बसली, पदरानं डोळे पुसले, मग आणखी एक घेतला. अर्धा पेला संपला, दाजी. मी ओट्याला धरून उभी. उरलेला अर्धा तिनं माझ्याकडं सरकवला.

'पी,' ती म्हणाली. 'ह्यांच्यापरीस बरा झालाय. पर कुनाला सांगू नगंस.'

मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला तेवढं सांगते.